नऊचे आठ

रुमालआबांना कोणताही आकडा उघड्यावर सांगवत नसे. पंगतीत कुणी "आबाजी, पोळ्या किती?" म्हटलं, की त्यांचा हात आपोआप खांद्यावरच्या रुमालाखाली जायचा. उंद्रीचा सारा कापूस खामगावच्या बाजारात तेच विकत. तिथे सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. भाव दोन हातांनाच कळायचा. गावाला तो आबांच्या तोंडून कळे, आणि कधी कुणी पडताळला नव्हता.

बाजारात तारेने आलेला विलायतेचा भावही ते विचारून घेत आणि पारावर सांगत. सरकारने सोळा विलायती पेन्सांचा रुपया अठरा पेन्सांचा केला, त्या हंगामात विलायतेचा भाव पेन्सांत तेवढाच होता. आबांनी आणलेले रुपये मात्र कमी भरले.

आबांनी पारावर एकशे चव्वेचाळीस सरक्या मोजून ओतल्या.

"हे तिकडचे पेन्स. सोळा-सोळाचे ढीग करा."

नऊ झाले.

"आता अठरा-अठराचे."

आठ झाले.

"एक ढीग म्हणजे एक रुपया. सरकारनं रुपया जाडा केला, तुमचा एक गेला."

"पण गेला कुठी?" पारावर बसलेल्या सदाशिवने विचारलं.

"आबाच्या रुमालात!" मागून कुणी ओरडलं. सारा पार हसला.

आबा हसले नाहीत. "सरक्या मोज बे. एक कमी असन त सांग." कुणी मोजल्या नाहीत.

"पण विलायती कापड त सस्तं झालं ना, आबाजी?" सदाशिव म्हणाला.

"कोष्ट्याले विचार, त्याचा माग काऊन बंद हाय. आपला कापूस कमी रुपयांत जाते, तिकडचं धोतर कमी रुपयांत येते. दोन्हीकून आपणच मरून राह्यलो."

मी तेव्हा विशीतला, चळवळीच्या पत्रकांवर पोसलेला. मला शत्रूला चेहरा लागे, आणि सोळा-अठराला चेहरा नव्हता. आबांचा हिशेब मला समजला नव्हता, हे मी स्वतःशीही कबूल केलं नाही. 'रुमालाखालची चोरी' असं पत्रक लिहिलं, आबांचं नाव घातलं आणि छापून घरोघर वाटलं.

पुढच्या बाजाराला प्रत्येकाने आपली गाडी वेगळी नेली. पाणवठ्यावर बायकांनी आबांच्या बायकोशी बोलणं टाकलं. गाड्या परतल्या तेव्हा प्रत्येकाला आबांचाच भाव मिळाला होता. दोघातिघांना त्याहून कमी. तरी आबांकडे कुणी गेलं नाही.

मी माफीचं पत्रक लिहून गेलो. आबा तापाने खाटेवर होते. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"माहं नाव पुन्हा काऊन छापतं? मी चोर नाही, हे लोकाईले समजलं. रुपया त अठराचाच हाय ना?"

"मग काय लिहू, आबा?"

"माहं नाव तुले माहीत होतं, म्हणून लिहिलं तू. अठरा ज्यायनं ठरवले, त्यायचं नाव सांग बरं."

मी पत्रकाची घडी घातली.

"धुंड," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्या नावांच्या मागे मी आजही आहे. ती माणसं दूरच्या कचेऱ्यांत बसतात, आणि त्यांच्या बायकांना पाणवठ्यावर कुणी वाळीत टाकत नाही.

फाल्गुनात आबा गेले. तिरडी उचलताना मी पुढे झालो. आबांच्या बायकोने माझं मनगट धरून मला बाजूला केलं.

"चार जण हाय," त्या म्हणाल्या. "तू नको."