तीनबारबाबू

आपटेकाका कुठल्याच गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवत नसत. चहात साखर नाही असं वाटलं तरी तीन घोट घेऊन मगच बोलत. खिदिरपूरच्या गोदीजवळच्या आमच्या कचेरीतली बंगाली मंडळी त्यांना ‘तीनबारबाबू’ म्हणत, आणि काका त्या हाकेला ओ देत.

मी एकविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर नोकरीला लागले. कचेरीत मराठी आम्ही दोघंच. “मशीन एकदा चुकलं तर ती अफवा,” ते मला सांगत, “दोनदा चुकलं तर शंका. तिसऱ्यांदा चुकलं की मग साहेबांकडे जायचं.” इतरांनी तासाभरात नाद सोडलेली चूक ते चार-चार दिवस शोधत. सापडली की नुसतं “हं” म्हणत आणि जेवणाचा डबा उघडत. त्यांची ही शिस्त मला फार आवडे.

आमचं मोठं मशीन गोदीतल्या लहान मशीनला तारेने जोडलेलं होतं. आम्ही आमच्या डिस्कवर याद्या लिहायच्या, गोदीवाल्यांच्या मशीनने त्या तिथून वाचायच्या. धान्याच्या जहाजांत कीड मारायला विषारी वायू सोडत. तो कुठल्या कोठारात अजून भरलेला आहे, कुठे माणसं उतरवायची नाहीत, याचीही एक यादी असे.

एका सोमवारी आमच्या मशीनचा मूळ प्रोग्राम, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं तो, काढून नवा घातला. आमच्याकडे सगळं सुरळीत दिसत होतं. मंगळवारी सकाळी गोदीकडून टेलिप्रिंटरवर आलेला कागद काका न्याहाळत बसले.

“ही कालची यादी आहे,” ते म्हणाले.

आजची आम्ही लिहून तासभर झाला होता. गोदीच्या मशीनला मात्र जुनीच मिळत होती, आणि काही बिघडल्याची खूणही उमटत नव्हती.

“गोदीला फोन करू का?” मी विचारलं.

“आधी खात्री करू.”

त्यांनी यादीत एक खोटी नोंद घालून ती गोदीच्या मशीनकडून परत मागवली. जुनीच आली. दुसरी नोंद घातली. पुन्हा जुनीच. तिसरी चाचणी चालू असताना फोन वाजला. काकांनी ऐकून घेतलं, रिसीव्हर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. दोन मजूर बंद ठेवायच्या कोठारात उतरले होते. दोघेही गेले.

दुपारी आम्ही जुना प्रोग्राम परत घातला. यादी लगेच बरोबर जाऊ लागली.

चौकशी बसली. दोष नव्या प्रोग्रामचा, एवढंच लिहा, असं साहेबांनी सुचवलं. ते खोटंही नव्हतं. काकांनी जबानी सांगितली, मी टाइप करत होते. शेवटी ते म्हणाले, “लिही. पहिल्या चाचणीतच मला कळलं होतं. पुढच्या दोन मी माझ्या समाधानासाठी केल्या.”

“काका, हे नको ना.”

“एवढंच काय ते माझं आहे त्यात. टाइप कर.”

त्यांना शिक्षा झाली नाही. सहा महिन्यांनी त्यांनी आपणहून नोकरी सोडली आणि मिरजेला भावाकडे जायला निघाले. हावड्याला गाडी सुटेपर्यंत ते त्या दोघांच्या घरांबद्दलच बोलत होते. एकाची मुलगी शाळेत जात होती. दुसऱ्याच्या आईला गावी अजून कुणी कळवलं नव्हतं.

पुढे त्यांची खुर्ची मला मिळाली. जराशी शंका आली की मी आधी गोदीला फोन करी, मशीनकडे मागाहून बघे. बहुतेक वेळा यादी बरोबरच निघे. मजूर उगाच वर येत, डेकवर उन्हात उभे राहून मला शिव्या देत, आणि पुन्हा खाली उतरत.