दीड फुटाचा फरक

विठोजीरावांनी अडतीस वर्षं एकच घर काढलं, असं म्हटलं तरी चालेल. तीस फूट बाय चाळीस फूट. बेंगळुरात साध्या माणसाचा प्लॉट तेवढाच असतो, आणि असल्या प्लॉटवरच्या घरांचे प्लॅन काढण्यात या ड्राफ्ट्समनची उमर गेली. आता प्लॉट काही कागदासारखा सरळ नसतो. कुठे शेजाऱ्याने अर्धा फूट ढापलेला असतो, कुठे गटार आडवं आलेलं असतं. पण मंजुरीच्या खिडकीवर वाकडा प्लॅन दिला की शंभर प्रश्न. म्हणून मोजलेलं वहीत लिहायचं आणि कागदावर सगळं काटकोनात आणायचं, ही धंद्यातली रीत. तिच्यामुळे कुणाचं घर पडलं नाही, म्हणून ती चुकीची आहे असं कुणाला वाटलंही नाही.

गेली सहा वर्षं ते नीलिमाकडे होते. ती पुण्याहून आलेली आर्किटेक्ट, वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिचं ऑफिस महादेवपुऱ्यात, यांचं घर येलहंक्यात. म्हणजे जाऊन-येऊन चार बस आणि दुखणारे दोन गुडघे. कामं काय, तर लोकांच्या फ्लॅटमधली कपाटं आणि बाथरूम. नीलिमा त्या कामांना कंटाळली होती, विठोजीराव सगळ्यालाच कंटाळले होते.

अशात ती स्पर्धा जाहीर झाली. छावणी भागातलं एक जुनं चर्च ओस पडलं होतं. तिथली मंडळी पांगली होती, उरलेली होसकोटे रस्त्यावरच्या नव्या इमारतीत जायला लागली होती. ट्रस्टने ठरवलं, जुनी वास्तू पाडायची नाही, तिथे संगीताचं सभागृह करायचं. कसं, ते आर्किटेक्टांनी सुचवायचं. विठोजीरावांनी टेप घेऊन दोन दिवस चर्च मोजलं, प्लॅन काढून नीलिमाच्या हातात दिला. तिने त्यावर खुर्च्या मांडल्या, मंच मांडला, आणि अंतिम फेरीच्या तिघांत तिचा नंबर लागला. सोमवारी परीक्षकांपुढे चर्चमध्येच सादरीकरण होतं. "हे नाही मिळालं तर ऑफिस बंद करून पुण्याला जाते," असं ती दोनदा म्हणाली होती, आणि ती उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती.

शनिवारी तिने त्यांना छताचे फोटो काढायला चर्चमध्ये पाठवलं. फोटो झाले आणि गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा ते मागच्या बाकावर टेकले. रिकामा वेळ मिळाला की मोजत बसायची त्यांची खोड होती. जमिनीला फूटभर रुंदीच्या फरश्या होत्या. मागच्या ओळीत बेचाळीस भरल्या. मग उगाच पुढे जाऊन वेदीजवळची ओळ मोजली. साडेचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजली. साडेचाळीसच. दोन्ही भिंती पुढे जाता जाता जवळ येत होत्या. पिशवीतून वही काढून पाहिली, तर दोन्ही आकडे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले. कागदावर मात्र पुढे-मागे बेचाळीस! हाताने सवयीने सरळ करून टाकलं होतं. नीलिमाने खुर्च्या थेट भिंतीपर्यंत नेल्या होत्या, म्हणजे पुढच्या रांगांतली कडेची खुर्ची भिंतीत जात होती.

घरी बायकोने, तुंगाबाईंनी, जेवण वाढलं, पण त्यांचा घास उतरेना.

"काय झालं?"

"कामात स्वल्प चुकलं."

"स्वल्प म्हणजे किती?"

"दीड फूट."

तुंगाबाईंनी संसारात बरंच काही ऐकून घेतलं होतं, हेही घेतलं. "आता कोण मोजायला बसलंय? गप्प राहा."

"परीक्षकांतला एक जरी उठला मोजायला, तर त्या पोरीचं नाव जाईल."

"आणि सांगितलंत तर तुमचं जाईल. अडतीस वर्षांचं."

"सरी, असू दे," ते म्हणाले, "माझं गेलं तर गेलं." म्हणाले खरे, पण त्यांना फार वाईट वाटत होतं. दुसरं होतं काय त्यांच्याकडे? विठोजीरावांनी मोजलं म्हणजे परत बघायला नको, एवढीच एक कमाई.

रविवारी सकाळी दोन बस बदलून ते ऑफिसला गेले. नीलिमा एकटीच होती, दुसऱ्या दिवशी काय बोलायचं ते घोकत होती. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि वही पुढे केली.

तिने वही घेतली नाही. कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर चर्चचा प्लॅन होता. भिंती तिरक्या होत्या, पुढच्या रांगांतल्या खुर्च्या कमी केलेल्या होत्या.

"हे कधी केलंस?"

"पहिल्या फेरीलाच. सबमिट करायच्या आधी."

"तुला कसं कळलं?"

"मी लेझरने परत मोजून घेतलं होतं, काका."

"हे एकच?"

नीलिमा कीबोर्डकडे बघत राहिली. "जयनगरच्या फ्लॅटमध्ये कपाट बसेना, तेव्हापासून. सगळीच."

म्हणजे अडीच वर्षं. ते उन्हातान्हात टेप ओढत होते, आणि त्यांच्या मागून कुणीतरी मुठीत मावणारी डबी घेऊन जाऊन तेच तासाभरात उरकत होतं. विठोजीराव खुर्चीवर बसले. चिडावं असं वाटलं, पण चिडायला अंगात जोर लागतो.

"मग मला पाठवत कशाला होतीस?"

"तुम्ही इतकं मनापासून मोजायचात. कसं सांगणार होते मी? सॉरी, काका."

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर वाकून एकेक आकडा वाचला. मागे बेचाळीस, पुढे साडेचाळीस. कुठेही खोट नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उद्या न घाबरता बोल."

"तुम्ही याल ना, चर्चमध्ये?"

"उद्या नको. ज्याचं माप परत घ्यावं लागणार नाही असं काही असेल, तेव्हा बोलव."

त्यांनी वही पिशवीत टाकली, पिशवी उचलली आणि ते दाराकडे वळले.