एक विद्यार्थी, एक नोकरी

मुलगी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला असताना कॉलेजने पालकांनाही एका व्याख्यानाला बोलावलं होतं. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला सांगितलं, की करिअरचं नियोजन पहिल्या वर्षापासूनच करायचं असतं. मुलांनी आपली आवड ओळखावी, दिशा ठरवावी आणि मग ती सोडू नये. मी एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे. कुणी काही सांगितलं की त्यातलं आपल्या कामाचं किती, हे काढायची सवय जडली आहे. त्या व्याख्यानातलं बरंचसं कामाचं वाटलं. मुलीने तर ते मनावरच घेतलं.

तिला मशिन डिझाइन करायचं होतं. वर्गातली मुलं सुट्टीत सॉफ्टवेअरचे क्लास लावायची, तेव्हा ही बिबवेवाडीत आमच्या घरामागच्या एका वर्कशॉपमध्ये जायची. तिथे फिक्श्चर बनवत, म्हणजे मशिनवर काम चालू असताना तो भाग घट्ट धरून ठेवणारी पकड. मालक आधी हसले, मग तिला ड्रॉइंग काढायला देऊ लागले. शेवटच्या वर्षी मशिन बनवणारी एक कंपनी कॉलेजात येऊन परीक्षा घेते, हे तिला ठाऊक होतं. तिचं सगळं त्या परीक्षेसाठी चाललं होतं.

त्याआधी एक सॉफ्टवेअर कंपनी आली. सगळ्यांनी बसायचंच, असा कॉलेजचा हुकूम. कंपनीला शाखा कुठलीही चालत होती. वर्गच्या वर्ग उचलले, त्यात हीही उचलली गेली. आम्ही पेढे वाटले. थोड्याच दिवसांत मशिन कंपनीच्या परीक्षेची नोटीस लागली आणि बसू शकणाऱ्यांच्या यादीत हिचं नाव नव्हतं.

"एक विद्यार्थी, एक नोकरी," ती म्हणाली. "बाबा, माझी झाली म्हणे."

मी रजा टाकली. निघताना बायको म्हणाली, "अहो, भांडू नका तिथे."

"भांडायला नाही, विचारायला चाललोय."

"त्याचीच भीती वाटते."

प्लेसमेंटचे अधिकारी माझ्याच वयाचे होते. त्यांनी बसा म्हटलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "इथे काहींना एक मिळेना, आणि आपल्याला मुलीसाठी दोन हव्यात?"

"दोन नकोत. एकच हवी. पहिली ती सोडते, तसं लिहून देते. ती दुसऱ्या कुणाला द्या."

"असं सोडता येत नाही. कंपनी पुढच्या वर्षी आमच्याकडे येणार नाही. आणि नियम मुलांच्या हिताचाच आहे."

"मग या मुलीचं हित कशात आहे, ते तिला विचारलंत का?"

"आपण सुशिक्षित दिसता. नियम समजून घ्या."

"समजला, म्हणून तर रजा काढून आलो."

त्यांच्या मागे भिंतीवर प्लेसमेंटच्या टक्क्यांचा रंगीत तक्ता होता. टक्का म्हटला की मी आधी छेद विचारतो. छेदात कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले, पात्र विद्यार्थी. म्हणजे ज्यांचे विषय राहिले ते बाहेर आणि ज्यांनी नाव काढून घेतलं तेही बाहेर. उरलेल्यांत एकीला दोन नोकऱ्या मिळाल्या तर टक्का तेवढाच राहतो. दोघांना एकेक मिळाली तर वाढतो. एकाने चार नोकऱ्या अडवून बसू नये हे मलाही पटतं. पण ही अडवत नव्हती, सोडत होती. त्यांना त्याचं काही नव्हतं. तक्त्यासाठी माझी मुलगी एकदा मोजून झाली होती. पहिल्या वर्षी दिशा ठरवा म्हणून सांगायचं आणि पोरीने ठरवलेली दिशा शेवटच्या वर्षी काढून घ्यायची, वर चहा पाजायचा. मी चहा तसाच ठेवून उठलो.

मशिन कंपनीच्या परीक्षेच्या दिवशी तिला प्रॅक्टिकलसाठी कॉलेजात जावंच लागलं. परीक्षा देऊन आलेल्या मैत्रिणीने तिला कॅन्टीनमध्ये प्रश्न सांगितला. संध्याकाळी ती म्हणाली, "फिक्श्चरचाच होता, बाबा. मी तिला कागदावर सोडवून दाखवला." मग ती नीट जेवली.

पदवी झाली, पण सॉफ्टवेअर कंपनीचं रुजू व्हायचं पत्र येईना. मंदी आहे, पुढच्या महिन्यात कळवू, मग दिवाळीनंतर कळवू. मी पुन्हा त्या अधिकाऱ्यांना फोन केला.

ते म्हणाले, "ऑफर आहे ना हातात? मग आमच्याकडे ती प्लेस झालेली आहे."

"आमच्याकडे ती घरात बसलेली आहे."

"मार्केटला आम्ही काय करणार?"

"काही करू नका. त्या वेळीही काही करायचं नव्हतं, फक्त परीक्षेला बसू द्यायचं होतं."

फोन त्यांनी ठेवला.

मशिन कंपनीच्या गेटवर ती स्वतः दोनदा जाऊन आली. नवीन मुलं फक्त कॉलेजांतून घेतो, म्हणाले. शेवटी वर्ष वाया गेल्यावर त्याच कंपनीत कंत्राटी प्रशिक्षणार्थी म्हणून लागली. रोज पहाटे स्वारगेटवरून बस पकडते. तिची ड्रॉइंग तपासून सही करायला तिच्याच वर्गातला एक मुलगा आहे. तो त्या परीक्षेला बसला होता.

"मुलगा चांगला आहे, बाबा. चुका नीट समजावून सांगतो," ती परवा म्हणाली.

असेल चांगला. त्याचं काही चुकलेलं नाही. तिला आता कुणाचा राग येत नाही, कामाला लागली आहे. मी मात्र माझा ठेवला आहे. घरात कुणाकडे तरी असायला हवा.