उद्याची गल्ली आणि अक्कांचा दोरा

आमचं मंडळ निघालं उद्याचा विचार करायला. उद्याचं काय होईल ते उद्या कळेल, पण कालचे किस्से मात्र इतके साठलेत की चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते कुत्र्यांचं सांगा की!" मी एक सांगायला घेतो आणि त्याच्या मागनं दुसरा येतो. आज बसलोच आहोत तर सगळेच सांगतो. मधेच उठायचं नाही!

मंडळी मोजकीच. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणून मास्तर. रफीकभाई बॅटरीवरच्या रिक्षा दुरुस्त करतात आणि एक स्वतः चालवतात. भीमातात्या वळसंगचे शेतकरी, लेक आमच्या गल्लीत दिलीय म्हणून दर रविवारी हजर. लक्ष्मीअक्का सगळ्यांत थोरल्या. त्यांचा जन्म मागावर गेला. माग बंद पडले, तरी चादरीच्या दशांना, म्हणजे कडेच्या मोकळ्या सुतांना, गाठी मारायचं काम त्या अजून रोज करतात. आणि प्राची, पुण्यात आर्किटेक्चर शिकून सोलापूरला परत आलेली मुलगी. जाणारे आम्ही खूप पाहिलेत, परत आलेली ही पहिलीच. अक्कांच्या रिकाम्या शेडमध्ये बसून वीस वर्षांनंतरची गल्ली कशी असावी ते ठरवायचं, ही कल्पना तिचीच.

*

पहिली मीटिंग रविवारी सकाळी सातला. प्राचीनं आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. सातला शेडमध्ये मी आणि ती. साडेसातला मी आणि ती. आठला तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात रफीकभाई दोन बादल्या घेऊन दारावरून पळताना दिसले.

"ओ रफीकभाई, मीटिंग!"

"मीटिंग नक्को मास्तर, पानी आया!"

आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत कुणी साखरपुडासुद्धा ठेवत नाही, आणि ही पोरगी भविष्य ठरवायला निघाली होती! पण पोरगी हुशार. तिनं शेडमधली एक बादली उचलली, कोपऱ्यावरच्या नळाच्या रांगेत उभी राहिली आणि तिथंच मीटिंग सुरू केली. वीस वर्षांनी गल्लीत काय पाहिजे?

रांगेतली पहिली बाई म्हणाली, "पाणी." दुसरी म्हणाली, "पाणी." तिसऱ्या अक्का होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी सोडलं की घंटा वाजवा की ओ कुणीतरी! झोपलेल्या माणसाला काय स्वप्न पडतंय?"

प्राचीनं तिघींचंही वहीत लिहून घेतलं. ती घंटा आता नळाजवळ आहे. आमच्या भविष्यातली पूर्ण झालेली पहिली गोष्ट तीच.

*

दुसऱ्या मीटिंगला प्राचीनं फळ्यावर दोन शब्द लिहिले. सोलरपंक आणि लूनरपंक. सोलरपंक म्हणजे, तिनं समजावलं, उन्हावर चालणारी, झाडं असलेली वस्ती, जिथं यंत्रं एकट्याच्या मालकीची नसतात आणि माणसं एकमेकांना धरून राहतात. लूनरपंक म्हणजे त्याचीच रात्रीची बाजू. अंधाराला शत्रू मानायचं नाही, गरज नसेल तिथं दिवे मालवायचे, चांदणं परत आणायचं, हळू चालायचं, ऐकायचं.

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजी पोरी, आमच्या गावात दिसा ऊन लई, आन् रातच्याला लाईट न्हाय. मग आमी दोनी हाय की!"

सगळे खो खो हसले. प्राचीही हसली, पण मग म्हणाली, "तात्या, तुमच्या वाट्याला ते आलं. आपण ते ठरवून करायचंय."

"ठरवून कोन अंधारात बसतंय?"

प्राचीनं तो प्रश्नही वहीत लिहून घेतला.

*

मग शेडच्या पत्र्यावर सोलर पॅनल बसवायचं ठरलं. प्राचीचा उत्साह बघून रफीकभाई म्हणाले, "बेटा, सोलापूर में सूरज की कमी है क्या? कमी है तो छांव की!"

पत्रा जुना, वजन घेईना. शेवटी चार खांब रोवून पॅनलं शेडसमोरच्या मोकळ्या जागेत उंचावर बसवली. वीज आली, शेडमधले दोन पंखे फिरले, टाळ्या झाल्या. पंधरा दिवसांनी प्राची बघायला आली की पंख्याखाली किती जण बसतात. पंख्याखाली कुणी नव्हतं! सगळी गल्ली बाहेर पॅनलच्या सावलीत. भाजी निवडणारी, पत्ते खेळणारी, तात्या तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यातून सोडून बसलेले.

"तात्या, आत पंखा आहे ना!"

"हाय की. पर हितं येनारा-जानारा दिसतोय. आत निस्ता वारा."

प्राचीनं नकाशात खोडाखोड केली. पुढची पॅनलं ती सावलीच्या हिशोबानं बसवते आणि विजेचं नंतर बघते. तिचं हे शहाणपण मला फार आवडतं.

*

आता माझी फजिती. उद्याच्या गल्लीचं मोठं चित्र मी महिनाभर खपून काढलं. गच्चीगच्चीवर वेली, भिंती निळ्या, रस्ता आरशासारखा. शेडमध्ये टांगलं आणि हात बांधून कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

रफीकभाईंनी बराच वेळ निरखलं. "मास्तर, इसमें आदमी किदर है? इत्ता बड़ा मोहल्ला बनाए, रहने को कोई नहीं?"

खरंच नव्हतं! एकही माणूस काढायचं मला सुचलं नव्हतं. माझा पारा चढला. चित्र खाली उतरवून मी अक्कांच्या हातात दिलं, म्हटलं, "तुम्हीच सांगा अक्का." अक्कांनी ते नाकाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान हाय की. आभाळ लई छान काढलं."

चित्र त्यांनी उलटं धरलं होतं. आभाळाच्या जागी रस्ता होता. सगळे हसून हसून लोळले, मला वाटलं अक्कांनी मुद्दाम माझी खोडी काढली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

*

चित्रासारखी गल्ली करायची तर आधी सफाई. एका रविवारी आम्ही झाडू घेऊन उतरलो. भिंतीच्या कडेनं, कमरेएवढ्या उंचीवर, खिळ्याखिळ्याला गुंडाळत एक मळका सुती दोरा गेला होता. मधे मधे गाठी. कुणाची तरी कपडे वाळत घालायची जुनी दोरी असणार! माझ्या चित्रात ती नव्हतीच. मी कात्री काढली आणि अक्कांच्या दारापासून नळापर्यंत, नळापासून शेडपर्यंत सगळा दोरा कापून कचऱ्यात टाकला. वर फोटोही काढला.

सोमवारी अक्का शेडमध्ये आल्या नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी नळाची घंटा वाजली, तरी अक्का नाहीत. तेव्हा मी आणि प्राची त्यांच्या घरी गेलो. अक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या, हात भिंतीला लावून.

"कोण, मास्तर का? मास्तर, माझा रस्ता कुणी नेला ओ?"

काचबिंदू. दोन वर्षं झाली होती. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अक्कांनी कुणाला काही न सांगता दशांच्या सुताचा दोरा वळला आणि गल्लीभर बांधला. एक गाठ म्हणजे पायरी, दोन म्हणजे गटार, तीन म्हणजे नळ, चार म्हणजे वळण. आम्ही वीस वर्षांनंतरची गल्ली बघत होतो, आणि या बाईनं आपल्यापुरती ती करूनही ठेवली होती. मी ती कात्रीनं कापली.

माझी मलाच लाज वाटली. उभा जन्म पोरांना 'नीट बघा, मग काढा' सांगण्यात गेला माझा.

"पोराला कळू देऊ नका," अक्का म्हणाल्या. मुलगा श्रीनिवास पुण्याला नोकरीला, सातव्या मजल्यावर घर. "कळलं की तो मला नेतो. चांगला हाय ओ पोरगा, म्हणून तर भीती. पुण्यात मी आंधळी हाय. हितं न्हाय."

*

मग आमची प्रायश्चित्ताची धांदल. तात्यांनी वळसंगहून बैलाचं नवं कोरं दावं आणलं. अक्कांनी हात लावून परत दिलं. "हे टोचतंय. तुमच्या बैलालाच बांधा."

रफीकभाईंना दोराच पसंत नव्हता. त्यांनी जुन्या बॅटरीवर एक काठी तयार केली. समोर काही आलं की टीं-टीं वाजायची. अक्का काठी घेऊन दारातून निघाल्या. भिंत आली, टीं-टीं. एक कुत्रं उठलं. गटार आलं, टीं-टीं. दुसरं उठलं. कुत्री पुढे आली म्हणून काठी अजून वाजली, काठी वाजली म्हणून अजून कुत्री आली! नळापर्यंत अक्कांच्या मागे शहराच्या अख्ख्या पूर्व भागातली कुत्री भुंकत चालली होती.

अक्का थांबल्या. "रफीक, मला शेडला जायचं हाय. मिरवणुकीला न्हाय!"

शेवटी सूतच आलं. आम्ही सगळ्यांनी बसून दोरा वळला, पण गाठी अक्कांनी कुणाला मारू दिल्या नाहीत. या वेळी त्यांनी तो शेडच्या पुढे, गल्लीच्या तोंडापर्यंत नेला. तिथं एका जागी पाच गाठी मारल्या. तिथं ना पायरी, ना गटार. मी विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण यातही माती मीच खाल्ली.

मी नवं चित्र काढलं. या वेळी माणसांनी भरलेलं. पॅनलच्या सावलीत तात्या, रिक्षाजवळ रफीकभाई, आणि मधोमध दोरा धरून चाललेल्या अक्का. सगळे म्हणाले, आता जमलं! मी फुगलो आणि ते गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'डोळ्यांवाचून चालता येणारी गल्ली.' ते फिरत फिरत पुण्याला पोचलं. दुसऱ्या दिवशी श्रीनिवास दारात. रागावला नाही, ओरडला नाही. आईजवळ बसून रडला आणि तिची पिशवी भरायला लागला. रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं त्यानं काढूनच आणली होती.

त्या दिवशी नेमकी अमावस्या. प्राचीनं ठरवलं होतं की अमावस्येला दिवेलागणीनंतर तासभर गल्लीतले सगळे दिवे मालवायचे. आधी बायकांनी विरोध केला, अंधारात पोरीबाळींनी फिरायचं कसं? तेव्हा अक्काच म्हणाल्या होत्या, "दोरा धरून." म्हणून दोरा आता दोन्ही भिंतींना होता. कार्यक्रम रद्द करावा असं प्राचीच्या मनात होतं. अक्का म्हणाल्या, "मी गेले तरी अमावस्या येणार की."

दिवे गेले. पोरं आधी किंचाळली, मग हळूहळू गप्प झाली. वर इतक्या चांदण्या होत्या की तात्यांचासुद्धा आवाज खाली आला. "मास्तर, बगा, बसलो की ठरवून."

तेवढ्यात अक्कांच्या दारातून मोबाईलचा उजेड आला. श्रीनिवास आईची पिशवी घेऊन निघाला होता. रफीकभाईंची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"ओ पावनं, बॅटरी इजवा!" तात्या ओरडले.

त्यानं उजेड बंद केला आणि जागीच उभा राहिला. "अम्मा, माझा हात धर."

"तू दोरा धर," अक्का म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मी त्यांच्या मागे होतो. दिसत काहीच नव्हतं, ऐकू येत होतं. "एक आली, पायरी. दोन आल्या, पाय लांब टाक. तीन, उजवीकडे नळ." अक्कांच्या चपला एका लयीत, त्याचे बूट अडखळत. शेड गेली, वळण गेलं. गल्लीच्या तोंडाशी श्रीनिवासचा हात थांबला.

"अम्मा, इथं पाच आहेत. इथं काय आहे?"

"काही न्हाय."

"मग गाठी कशाला?"

अक्का म्हणाल्या, "तू पुण्याला निघालास की मी हितं उभी राहते. हितनं रिक्षा वळताना दिसायची. आता वाजताना ऐकू येते."

अंधारात पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रफीकभाईंनी रिक्षा सुरू केली. तिच्यात माणूस एकच चढला, पिशवी एकही नाही. रिक्षा वळायच्या आधी श्रीनिवास पुन्हा खाली उतरला, अंधारात भिंत चाचपडत आला, आणि त्या पाच गाठींच्या पुढे स्वतःची सहावी मारून गेला.