बांधावरची सायकल

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. तिला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही, असं समजा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही जुन्नरच्या बाजारपेठेत राहत नाही — आणि राहत असाल तर — असू द्या, आता सुरुवात केलीच आहे.

माझं कापडाचं दुकान आहे. पणजोबा मारवाडातून आले, इथेच रुजले. आमच्या घरात मारवाडी आता फक्त भांडताना बोलली जाते, बाकी सगळं मराठी. लोक मला कांतीशेठ म्हणतात. साठी उलटली आहे. माणूस म्हणून मी बरा आहे हो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, दानधर्म करतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक खोड आहे. चार लोकांत कौतुक व्हायला लागलं की मला थांबता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या जैन स्थानकात साध्वीजींचा चातुर्मास होता. चातुर्मासात आमच्याकडे लोक प्रवचनात उभे राहून नियम घेतात, सगळ्यांदेखत. कुणी गोड सोडतो, कुणी हिरवी भाजी, कुणी एकवेळ जेवतो. त्या रविवारी धान्याचे व्यापारी पोपटशेठ उठले आणि म्हणाले, चार महिने चपला घालणार नाही. सगळीकडून वा, वा झालं. पोपटशेठ माझ्याकडे बघत बघत खाली बसले. बस, त्या बघण्यानंच घात केला! मी उठलो. काय बोलणार आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. तोंडातून निघालं — चार महिने इंजिनाच्या कुठल्याही गाडीत बसणार नाही. दुकानाला सायकलवर येईन.

साध्वीजींनी हळूच विचारलं, "जमेल ना? विचार करून बोला."

आता सांगा, पोपटशेठसमोर "थांबा, विचार करतो" असं कोण म्हणेल?

माझं घर गावाबाहेर, लेण्याद्रीच्या रस्त्याला, नव्या वसाहतीत. दुकान पेठेत. अंतर म्हणाल तर काही नाही. पण तो रस्ता! टोमॅटोच्या पिकअप नारायणगावच्या बाजाराला निघालेल्या असतात, एसटी असते, चतुर्थीला गणपतीला जाणाऱ्यांच्या मोटारी असतात, आणि सोसायटीच्या गोडाऊनपाशी एक असं वळण आहे की समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. पहिल्याच दिवशी त्या वळणावर एक पिकअप माझ्या कोपराला हवा देऊन गेली. फक्त हवा. मी सायकलसकट गटारात. लागलं काही नाही, पण पाय असे लटपटायला लागले की कितीतरी वेळ मला उठताच येईना. कुणी पाहिलं नाही. तेवढीच देवाची कृपा, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर त्या रस्त्यावर मी सायकल चालवली नाही. एकही दिवस नाही.

मग काय करत होतो? घरातून रुबाबात सायकलवर निघायचो. वसाहत संपली की उतरायचं आणि मागच्या बाजूनं, सोयाबीनच्या बांधावरून, ओढ्याच्या कडेनं सायकल हातात धरून चालत जायचं. चिखल, काटे, एक कुत्रा — त्याला माझा फार राग होता. ओढ्यावर चपला धुवायच्या, घाम पुसायचा, आणि पेठेच्या तोंडाशी पुन्हा सायकलवर बसून घंटी वाजवत दुकानापर्यंत यायचं. संध्याकाळी उलटं. बांधावर एक शेतकरी रोज भेटायचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "पावणं, पंक्चर झाली का?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशीही हो म्हणालो. पुढे पुढे तो विचारीना, नुसता मान हलवायचा. एकदा मात्र त्याला राहवलं नाही. "राव, लई दिवस झालं, आता ती ट्यूब बदला की!" त्याच्या मते सबंध तालुक्यातली सगळ्यात भिकार ट्यूब माझीच असावी.

आणि बरं का, नियम मी मोडला नाही. इंजिनाच्या गाडीत बसलो नाही, पावसात नाही, तापात नाही. या बाबतीत मी आजही छाती पुढे काढून सांगेन. खोटं होतं ते फक्त घंटीत. घरी बायको गुडघ्यांना तेल चोळायची आणि स्थानकात बायकांना सांगायची, आमच्यांनी या वयात काय दम धरलाय! ते कानावर आलं की मला खरंच वाटायला लागायचं की मी सायकल चालवतोय.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं आहे. इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला चहा पाजून हा किस्सा रंगवून सांगितला असता.

दुकानाच्या ओट्यावर मंगल बसते. साड्यांना फॉल-पिको करते. लेण्याद्रीच्या बाजूच्या एका वाडीतून ती रोज सायकलवर येते, त्याच रस्त्यानं, ते वळण घेऊन. तिची मुलगी अक्षता दहावी झाली आणि जुन्नरच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. आईसारखंच सायकलवर जायचं, हा तिचा हट्ट. पण मंगलचे सासरे नाही म्हणत. दिवाळीपर्यंत ते तिला मोटारसायकलवर सोडणार होते. तोवर रस्त्याला सायकलचा वेगळा पट्टा झाला तर पोरगी सायकलवर, नाही तर मामाकडे मंचरला, तिथल्या कॉलेजात. म्हाताऱ्याचं काही चुकीचं नव्हतं.

आणि पट्टा होणार होता! नगरपालिकेनं ठरवलं होतं, पेठेपासून वसाहतीच्या पुढेपर्यंत. पांढरी रेघ मारायला सुरुवातही झाली. ती चहाच्या हॉटेलापर्यंत आली आणि वरून सरकारी आदेश आला — शहरातल्या रस्त्यावर गाड्यांची जागा कमी करून सायकलचा पट्टा करायला बंदी. करायचाच असेल तर तिथे सायकलवाल्यांना खरोखर धोका आहे हे सुनावणीत पटवून द्यावं लागेल. रंगाचे डबे उचलले गेले. रेघ हॉटेलासमोरच तुटली.

मंगलनं मात्र सोडलं नाही. शाळेच्या मुली, दूधवाले, पोस्टमन, सगळ्यांना तिनं गोळा केलं. तुटलेल्या रेघेपुढे बायकांनी रांगोळीनं पट्टा काढला. मोठी मजा आली हो त्या दिवसांत! एवढ्या सायकली गावात आहेत हे गावालाच माहीत नव्हतं. मग समिती झाली, आणि तिचा अध्यक्ष म्हणून कुणाचं नाव निघणार? नियमवाल्या कांतीशेठचं. मंगल तोवर मला शेठ म्हणायची, त्या दिवसापासून भाऊ म्हणायला लागली. मोर्चा निघाला तेव्हा पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. मोकळा रस्ता, पुढे मी, मागे नुसत्या घंट्याच घंट्या. त्या दिवशी मी ते वळण सायकलवर पार केलं, हसत हसत. गाड्या बाजूला ठेवल्या तर मीसुद्धा चालवू शकतो — म्हणजे पट्टा का पाहिजे याचा याहून चांगला पुरावा असू शकतो का? तो पुरावा माझ्याकडे होता. फक्त माझ्याकडे.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. ती घ्यायला पुण्याहून आलेले साहेब सज्जन होते, घाई नव्हती त्यांना. समोरच्या रांगेत माझी बायको, तिच्या शेजारी अनवाणी पोपटशेठ. साहेबांनी पहिला प्रश्न मलाच केला. तुम्ही या वयात रोज त्या रस्त्यानं येता, तुमचा अनुभव महत्त्वाचा. तुम्हाला स्वतःला त्या वळणावर कधी भीती वाटली का?

काय सांगायचं होतं मला? साहेब, पहिल्याच दिवशी गटारात पडलो. पाय लटपटले. त्यानंतर आजतागायत बांधावरून चालत जातो. बस. एवढंच. पट्टा झाला असता. अक्षता सायकलवर कॉलेजला गेली असती. लोक हसले असते, एक दिवस, दोन दिवस. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पोपटशेठनी मान वर केली.

"छे हो साहेब," मी म्हणालो. "एकदम आरामात. सवय झाली की काही वाटत नाही."

टाळ्या पडल्या! आमच्याच माणसांनी वाजवल्या, कौतुकानं, आपण काय ऐकलं हे कळायच्या आत. माझ्या बायकोनं वाजवल्या. मंगलनं वाजवल्या नाहीत. ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मला वाटती भीती. रोज वाटती." साहेब समजुतीनं हसले. म्हणाले, बाई, तुमचे अध्यक्ष तुमच्यापेक्षा किती मोठे आहेत, ते बघा कसे जातात. मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. अजूनही वेळ होती, बरं का. साहेब माझ्या बाजूलाच बसले होते, हात लांबवला असता तर त्यांच्या बाहीला लागला असता. मी पाणी प्यायलो.

दिवाळीच्या आधी निकाल आला. धोका सिद्ध होत नाही, पट्टा नाही. गावात सगळे म्हणाले, साहेबानं कांतीशेठना बरोबर शब्दांत पकडलं, पक्का निघाला. मीही म्हणालो. दिवाळी झाल्यावर अक्षता मंचरला गेली. मंगलनं तिची बॅग भरताना माझ्याच दुकानातून दोन ड्रेसची कापडं नेली आणि मलाच धीर दिला, "मनाला लावून घेऊ नका, भाऊ. तुमी लई केलं आमच्यासाटी." चातुर्मास संपला तेव्हा स्थानकात माझा सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. पोपटशेठनी स्वतः हार घातला. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली.

अक्षता तिकडे चांगली शिकते आहे. मामी प्रेमळ आहे. सुट्टीला आली की दुकानात डोकावते, चेष्टा करते माझी. मंगल अजून ओट्यावर बसते, पण पूर्वी काम करता करता पोरीचे किस्से सांगायची, तेवढे आता कमी झाले. पोरगी समोर नसली की किस्से तरी कुठून येणार?

यंदाच्या संवत्सरीला, म्हणजे आमच्या क्षमेच्या दिवशी, मी रिवाजाप्रमाणे दुकानात येईल त्याला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणत होतो. वर्षभरात कळत नकळत तुम्हाला दुखवलं असेल तर माफ करा, असा त्याचा अर्थ. सगळ्यांना एकच वाक्य, त्यामुळे ते म्हणायला फार सोपं. मंगलसमोरही हात जोडले. दरवर्षी ती हसते आणि म्हणते, तुमचं काय चुकणार! या वेळी ती हसली नाही. सुई कापडात खोचून ठेवली आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, आज माफीचाच दिवस हाय, तर माझंबी एक सांगते. कुणाला बोलू नका. साहेबापुढं तुमी सांगितलं ना, सवय झाली की काय वाटत न्हाई? तवापासून मला माझीच लाज वाटती. मी त्या गोडाऊनच्या वळणावर उतरते अन् सायकल हातात धरून कडंकडंनं चालत येते. येवढी वर्सं झाली, तरी पाय लटपटत्यात. तुमच्यासारकं काळीज न्हवतं मला कदी."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक नाही, बायको नाही, पोपटशेठ नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

"असू दे गं," मी तिला म्हणालो. "जमेल हळूहळू."