काटोलवालीची वही

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या त्या गल्लीत वच्छलाबाईला तिच्या नावानं कोणी ओळखत नसे. ती काटोलवाली. लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव सासरी पोहोचतच नाही, तिचं गाव तेवढं पोहोचतं. गल्लीत एक सावनेरवाली होती, दोन उमरेडवाल्या होत्या आणि काटोलवाल्या मोजून सात. त्यांतली दुकान चालवणारी एकच.

सोळाव्या वर्षी ती संत्र्याच्या बागेतून उठून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या घरी आली. नवऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हा तारांना कथलाचा डाग द्यायचं आणि खरखरीवरून बिघाड ओळखायचं काम तिनं शिकून घेतलं. पुढं नवरा गेला. तेरावं झाल्यावर दीर म्हणाला, "वैनी, आता पापड लाटा." ती म्हणाली, "लाटले असते भाऊजी, पण माहे कान वाया जातीन." दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या खुर्चीवर बसली. दीर महिनाभर बोलला नाही. तिचं काही अडलं नाही.

रेडिओचे दिवस सरले, कॅसेटचे आले. तिनं दोन खणांचा डेक घेतला आणि दारावर पाटी लावली : कॅसेट भरून मिळेल. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी देऊन जात, संध्याकाळी भरलेली कॅसेट नेत. फीत गुंतली, तुटली, तर तीच गाणी तिनं पुन्हा भरून द्यावीत, ही रीत. म्हणून ती एक वही ठेवी. कोणाला काय भरून दिलं ते तीत लिहिलेलं. अक्षर असं, की कोंबडीनं अंगण उकरावं.

भुलाबाईच्या सणाच्या दिवसांत दुकानात वेगळीच गर्दी. गल्लीतल्या बायका डेकसमोर बसून गाणी म्हणत. बाई ती भरून घेई आणि लग्न होऊन दूर गेलेल्या पोरींना कॅसेट जाई. त्यानंतर खिरापत. ती झाकून आणायची, डबा कानाशी हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. काटोलवालीचा कान असा, की शेंगदाणे भाजके की कच्चे हेही सांगे.

मुकुंद तिच्या दुकानात दोन वर्षं रोज येत होता. एम. ए. मराठी, दुसरा वर्ग, बेकार. त्याला चाल लावलेल्या कविता हव्या असत. बाईनं त्याला सहा कॅसेटी भरून दिल्या होत्या आणि बसायला स्टूल दिलं होतं. तो तिला मावशी म्हणे. ती त्याला म्हणे, "बस गा, मुकुंदा. कविता खाऊन पोट भरते का?"

पंच्याऐंशीच्या त्या आश्विनात मुकुंदला पाटबंधारे खात्याचं पत्र आलं. कनिष्ठ लिपिक. खाली एक ओळ होती : पोलीस ठाण्याकडून वर्तणुकीची खातरजमा झाल्यावर रुजू करून घेण्यात येईल. त्याच आठवड्यात समोरच्या पानठेल्यावर एक नवा माणूस बसायला लागला.

आदल्या वर्षीच कायदा कडक झाला होता. गाण्याची नक्कल केली की तुरुंग. पानठेल्यावर रोज चर्चा. गोपाळराव निवृत्त हेडक्लार्क, त्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं. ते कात्रण खिशातून काढून म्हणत, "आज कॅसेट मोजतात, उद्या घरात कोण काय ऐकते ते लिहून नेतील. नागरिकांनी उभं राहिलं पाहिजे!" नवा माणूस हे सगळं पान चघळत ऐके आणि दुकानात कोण शिरलं ते एका चिटोऱ्यावर टिपे. अंगात साधा सदरा, पायांत पोलिसी लाल बूट. सबंध गल्लीनं त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ओळखू येत नाही अशी समजूत फक्त त्याची होती.

तिसऱ्या दिवशी बाईनं दारातूनच आवाज दिला, "बापू, उन्हात काहून बसून राहिला गा? आत ये. इथून चेहरेही नीट दिसतीन."

माणूस उठून दुसऱ्या ठेल्यावर गेला. मुकुंदला मात्र हसू आलं नाही. गल्ली रिकामी होताच तो म्हणाला, "मावशी, त्या वहीतलं माझं पान फाडून टाका."

"काहून?"

"खातरजमा याच ठाण्यातून होणार आहे. माझं नाव सापडलं तर नोकरी गेली."

बाईनं पेन्सिल घालून एका कॅसेटची सैल फीत गुंडाळत आणली. मग म्हणाली, "भेला काय?"

"तुम्हाला काय जातंय? एक पान."

"पान फाडलं की मी चोर. आता मी कॅसेट भरणारी बाई आहे. जा घरी, भैताड."

तो घरी गेला. झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी, बाईची नजर चुकवून स्वतःच पान काढायचं, या विचारानं तो आला. तेवढ्यात दारात जीप थांबली.

फौजदार, जमादार, पानठेल्यावरचा माणूस, आणि गाण्यांच्या कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा, सफारी घातलेला, मुंबईचा इसम. पंच हवे होते. जमादार गोपाळरावांकडे गेला. नागरिकांनी उभं राहायला सांगणाऱ्या गोपाळरावांच्या घराची खिडकी आतून लागली. मग पानठेलेवाल्याला धरून आणला आणि दुसरा पंच म्हणून आत सापडलेला मुकुंद.

सफारीवाल्यानं भुलाबाईच्या कॅसेटवर बोट ठेवलं. "यातली गाणी आमच्या कंपनीची आहेत. आम्ही बाजारात आणली आहेत."

"अच्छा," बाई म्हणाली. "म्हणजे माही माय तुमच्या कंपनीत कामाले होती म्हणा. आमाले सांगितलं नाही तिनं."

बाहेर बायका जमल्या होत्या. हशा उठला. जमादारानं वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि आत काय आहे म्हणून कानाशी हलवला.

"ओळख गा," बाई म्हणाली. "ओळखली त खिरापत तुयी."

पुन्हा हशा. फौजदार संतापला. त्यानं गल्ल्याजवळची वही उचलली, चाळली, उलटी धरून पाहिली. एक अक्षर लागेना. "तू शिकलेला दिसतोस," तो मुकुंदला म्हणाला. "वाच. एकेक नाव. ज्यांनी ज्यांनी माल नेला त्यांच्या घरी जाणार आहे मी. घेणाराही गुन्हेगारच."

मुकुंदनं वही घेतली. दोन वर्षं तो त्या वहीपासून हातभर अंतरावर बसला होता आणि त्यानं ती कधी उघडून पाहिली नव्हती. अक्षर मात्र आपल्या सहा कॅसेटींवरच्या चिठ्ठ्यांमुळं त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं वाचलं.

"काटोलवाली. दोन कॅसेटी."

"कोण काटोलवाली?"

"मीच," बाई म्हणाली.

"सावनेरवाली. एक."

"तेही मीच."

"तू काटोलची ना?"

"सावनेरले मावशी आहे माही."

"उमरेडवालीचा बाप. भजनं."

"मीच."

"बाप?" फौजदार ओरडला.

"आता काय, बापही मलेच व्हा लागते. इथं दुसरा कोणी होऊन नाही राहिला."

पानांमागून पानं गेली. डोळे आलेली. पोहेवाल्याची सून. तोतऱ्याची बायको. अख्ख्या वहीत एक नाव नव्हतं, एक आडनाव नव्हतं. पानठेल्यावरच्या माणसानं चार दिवस टिपलेला चिटोरा काढला. त्यावर लिहिलं होतं : हिरवं लुगडं, एक. छत्री, दोन. फौजदारानं तो चिटोरा त्याच्याच अंगावर फेकला.

मग मुकुंदच्या बोटाखाली ती ओळ आली. "रोज येते तो कवितावाला. सहा. पैसे घ्याचे नाही."

बोट तिथंच राहिलं. "पुढे," फौजदार म्हणाला. त्यानं वाचलं.

"हा कोण कवितावाला?"

दारात पंधरा बायका होत्या. प्रत्येकीला ठाऊक होतं. पानठेलेवाल्यालाही ठाऊक होतं. कोणी मुकुंदकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहू नये म्हणून सगळ्या जमिनीकडे पाहत होत्या. फक्त काटोलवाली त्याच्याकडे पाहत होती. ती थांबली. एवढ्या नावांना तिनं एकदाही वेळ घेतला नव्हता. इथं घेतला.

मुकुंदनं पान उलटलं.

"तोही मीच," काटोलवाली म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

पंचनाम्याखाली मुकुंदनं सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षर. फौजदार म्हणाला, "व्वा, अक्षर सुंदर आहे हो." डेक, दीडशे कॅसेटी, पत्र्याचा डबा आणि वही जीपमध्ये गेली. बाईही गेली. डब्यात स्क्रू होते.

तिसऱ्या दिवशी ती जामिनावर सुटली. खटला उभा राहिला आणि तारखा पडत राहिल्या. सफारीवाला पहिल्या तारखेला आला, पुढं आला नाही. गोपाळरावांनी वर्तमानपत्राला आणखी एक कडक पत्र लिहिलं, तेही छापून आलं. बाईनं अडगळीतला जुना डेक काढला, डाग दिले आणि महिन्याभरात पाटी पुन्हा लावली.

मुकुंदची खातरजमा झाली. कागदावर लिहून आलं : सदर इसमाची वर्तणूक चांगली आहे. तो कागद त्यानं पुष्कळदा वाचला.

नोकरीचा पहिला आठवडा संपल्यावर तो पेढे आणि एक कोरी कॅसेट घेऊन दुकानात गेला. दुकानात दोघी-तिघी उभ्या होत्या. त्याचं स्टूल जागेवर नव्हतं. बाईनं पेढा घेतला, कपाळाला लावला, बाजूला ठेवला. मग नवी वही उघडली.

"बोला साहेब. नाव?"

त्याला वाटलं, थट्टा आहे. "मावशी, मी..."

"पूर्ण नाव सांगा. सरकारी माणूस तुम्ही. तुमचं असंतसं कसं लिहावं?"

दोन वर्षांत तिनं त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यानं नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. तिनं अक्षराला अक्षर लावून, सावकाश, कोणालाही वाचता येईल असं लिहिलं. नावासमोर कॅसेटचे पैसे मांडले. पेन्सिल कानामागं खोचली आणि त्याच्या खांद्यावरून मागं पाहत म्हणाली,

"हं, बोल वं सावनेरवाले. तुले काय भरून देऊ?"