लंकेसाठी देठ खुडलेली मिरची

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण मिरची हातात घेतली की ती कोणत्या रानातली, तिने किती उन्हं खाल्ली आणि आत किती ओल राहिली, हे मी डोळे मिटून सांगतो. नंदुरबारच्या बाहेर माझी पथारी आहे. पथारी म्हणजे चोपून घट्ट केलेलं उघडं मैदान. शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची घ्यायची, तिथे पसरायची, वाळवायची आणि पुढे पाठवायची. उभा जन्म यातच गेला.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला मिरची देठासकट लागते, कारण तशी ती टिकते. लंकेच्या व्यापाऱ्याला लागते बिनदेठाची. देठ गेला की मिरचीचं तोंड उघडं पडतं, बी सांडतं, दमट हवा आत शिरते. ती फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून ज्याच्यासाठी देठ खुडले, त्याचीच ती मिरची. त्याने तोंडाने 'सोडली' म्हटल्याशिवाय ती दुसऱ्याला द्यायची नाही. हल्लीचे लोक हे पाळत नाहीत. मी पाळतो.

त्या वर्षी सातपुड्यातल्या मोलगीकडच्या बाया देठ खुडायला उतरल्या होत्या. लंकेचा अख्खा माल खुडून तयार झाला, पोती शिवून झाली, आणि एका सकाळी आमचा दलाल मोटरसायकलवर आला. गाडीवरून उतरलाच नाही.

"आबा, माल थांबाडी द्या."

"काबर? त्याले पसंत नही का?"

"पसंत शे. पैसा नही."

"एवढा मोठा व्यापारी, आणि पैसा नही?"

"त्याना गल्लामा शे, आबा. देशना गल्लामा नही."

मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. मग तो उतरला आणि माझ्या खाटेवर बसून त्याने नीट सांगितलं. लंकेत त्यांचा रुपया आहे, पण तो आपल्याकडे चालत नाही. व्यापाऱ्याने तो बँकेत द्यायचा, बदल्यात डॉलर घ्यायचा, मग माल मागवायचा. आता बँकेत डॉलरच नाहीत. फिरायला येणारे गोरे लोक बंद झाले, बाहेरचं देणं डोक्यावर बसलं, आणि सरकारजवळ तेल घ्यायलाही डॉलर उरले नाहीत.

"सरकारजवळ नाहीत म्हणजे?" मी म्हटलं. "सरकारचे कसे संपतील? दुकान बुडतं. पतपेढी बुडते. देश कसा बुडेल?"

"बुडाला ना, आबा."

मी त्याला वेड्यात काढलं. दुष्काळ पाहिला होता, रातोरात नोटा बदललेल्या पाहिल्या होत्या. पण शेतात पीक उभं, समुद्रात मासे, माणसं धडधाकट, आणि तरी सगळा मुलूख बंद पडलेला, हे डोक्यात मावेना. बायांची मुकादमीण शेजारी उभी राहून ऐकत होती. ती हसत म्हणाली, "आबा, देश काय जीप आहे का, डिझेल संपलं की घाटात उभी?"

"तसंच झालंय, बाई," दलाल म्हणाला.

तिचं हसू थांबलं. धडगावच्या घाटात अशी जीप तिने पाहिली असणार. मला जे समजत नव्हतं ते तिला त्या एका बोलण्यात समजलं.

पुढचे दिवस वाईट गेले. सातपुड्यावर अवकाळीचे ढग जमू लागले. पोत्यांवर ताडपत्री टाकली, पण हवेतली ओल ताडपत्रीला जुमानत नाही. मिरची पूडवाला गिरणीमालक दोनदा निरोप धाडून बसला. बिनदेठाची मिरची एक लंका घेते, नाहीतर गिरणी घेते. लंका बंद आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून भाव पाडून मागत होता. गिरणीत माझी मिरची चार जणांच्या मिरचीत मिसळली की माझी राहत नाही, म्हणून मी गिरणीला कधी माल दिला नव्हता. आणि आता तर ती लंकेवाल्याची होती.

घरात मंडळी म्हणाली, "शब्द खाईसन पोट भरी का?"

मी ताट सरकवून उठलो. उपाशी नाही उठलो, जेवण झालं होतं. पण सरकवलं जोरात.

चौथ्या-पाचव्या दिवशी दलाल पुन्हा आला आणि भर दुपारी, लिंबाखाली, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "बोला. लंका."

इतक्या वर्षांत मी या व्यापाऱ्याचा फक्त आवाज ऐकला होता. आज माणूस दिसला. काळासावळा, बारीक, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. हातात प्लास्टिकचा कॅन, मागे माणसांची रांग. रांगेचं टोक दिसेना.

"अण्णा," तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "दो दिन से लाइन में हूँ. तेल के लिए."

माझ्यासारखाच पोत्यांचा धनी. पथारीवर मिरची घेऊन मी बसलेला, गल्ल्यात पैसे घेऊन तो रांगेत उभा. दोघांचंही काही चालेना. मी म्हटलं, घरी सगळे बरे? तो म्हणाला, "बेटी का परीक्षा नहीं हुआ. कागज नहीं."

मी दलालाकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "पेपर छापायचा कागद बाहेरून येतो, आबा. त्यालाही डॉलर लागतात."

माझी शाळा मी सोडली, गुरांमागे जायचं म्हणून. पण शाळा उभी, मास्तर हजर, पोरं पाठ करून बसलेली, आणि कागद नाही म्हणून सगळं थांबलेलं! केवढी मोठी गोष्ट केवढ्याशा गोष्टीवर उभी असते. आणि आपल्याला ती डोंगरासारखी पक्की वाटत असते.

मी काही मागितलं नव्हतं. मागणारही नव्हतो. तोच म्हणाला, "अण्णा, मिर्ची किसी को दे दो. मैं छोड़ता हूँ."

ही रीत मी त्याला कधीतरी फोनवर सांगितली होती. त्याने ती लक्षात ठेवली होती, त्या रांगेत उभं राहून.

मी हट्टाने म्हटलं, "नको सोडू. महिनाभर थांबतो."

तो हसला. "महीने में देश नहीं उठता, अण्णा. आपके उधर बारिश आ जाएगी."

दुसऱ्या दिवशी ट्रक गिरणीकडे गेला. भाव पडका मिळाला, तो मी कोणाला सांगितला नाही. मागोमाग पाऊस आला, थोडाच, पण बिनदेठाची मिरची नासायला तेवढाही पुरला असता.

पथारीवर पुढची मिरची पसरली होती, ती देठासकटच ठेवायची होती. मुकादमीण येऊन उभी राहिली. "देठ नाही खुडायचे तर आम्ही काय करू, आबा?" निम्म्या बाया हंगाम संपायच्या आधीच तळोद्याहून जीप धरून वर डोंगरात गेल्या. समुद्रापलीकडच्या बँकेत डॉलर संपतो आणि मोलगीची बाई बोचकं बांधते. मी ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. कोणी ऐकीव सांगितलं असतं तर मानलं नसतं.

त्यानंतर लंकेवाल्याचा फोन एकदाच आला, पुढच्या हंगामात. दुकान त्याने बंद केलंय. तीनचाकी चालवतो. तेल मिळतंय आता, म्हणाला. पोरीची परीक्षाही झाली, उशिरा का होईना. मग म्हणाला, "अण्णा, इस साल भाव क्या चल रहा है?"

त्याला आता मिरची घ्यायची नव्हती. तरी, मी बाजारातून नुकताच आलो होतो, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला सांगावा तसा त्या दिवशीचा खरा भाव त्याला सांगितला.